वस्तीतल्या मुलांच्या कामासाठी छोटं अनुदान कसं मागायचं: मुंबईतल्या छोट्या गटांसाठी

मुंबईत कुठल्याही वस्तीत जा, कुणीतरी ताई पोटमाळ्यावर नाहीतर समाजमंदिरात संध्याकाळी मुलांना घेऊन बसलेली दिसते, कुठे बालवाडी असते, कुठे मुलींचा कबड्डीचा गट. यातल्या बऱ्याच जणांना वर्षाला दीड-दोन लाख मिळाले तरी काम नीट उभं राहतं, पण तेवढेच पैसे मिळवणं सगळ्यात कठीण जातं, कारण मोठ्या संस्थांकडे अर्ज लिहायला माणसं असतात आणि इथे शिकवणारी, झाडू मारणारी आणि अर्ज लिहिणारी ताई एकच असते. मी बरीच वर्षं अशा गटांचे अर्ज लिहायला मदत करतेय आणि दोनतीन ठिकाणी देणाऱ्यांच्या बाजूने बसून अर्ज वाचलेतही, त्यावरून जे कळलं ते सगळं इथे लिहिते.

सगळ्यात आधी हजेरीपुस्तक काढा. हो, अर्जाचा फॉर्म नंतर, आधी हजेरी. कारण काय मागायचं हे तिथेच कळतं. मानखुर्दच्या एका अभ्यासिकेतल्या ताई गैरहजेरीच्या चौकटीत फुली न मारता अक्षर लिहितात. 'पा' म्हणजे पाणी भरायला थांबली, 'भा' म्हणजे धाकट्या भावाला सांभाळायला, 'गा' म्हणजे गावी गेली, 'आ' म्हणजे आजारी. तीन महिन्यांची पानं समोर ठेवली तर मुलींच्या ओळींमध्ये 'पा' इतके होते की वेगळं काही सांगायची गरजच नव्हती, नळाला पाणी यायची वेळ आणि अभ्यासिकेची वेळ एकच. त्यांनी मुलींची बॅच तासभर पुढे ढकलली, आणि त्याला एक रुपया लागला नाही. पण धाकटी भावंडं सोबत आणायची परवानगी दिली तेव्हा त्यांना बघायला एक बाई हवी झाली, तिचं मानधन लागलं, आणि ते मागता आलं, ठोस कारण दाखवून. त्या वर्षी कुणीतरी त्यांना टॅब द्यायला तयार होतं. टॅबने त्या मुलींचा काहीच प्रश्न सुटला नसता.

तर अशी अक्षरं आजपासून लिहायला लागा. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे जे जमेल ते कुठल्याही कन्सल्टंटकडून मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, मुलांना आत्ता काय येतं ते मोजून ठेवा. यासाठी वेगळी परीक्षा काढायची गरज नाही. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्याच वस्त्यांमधून सुरू झाली, त्यांच्या 'असर' सर्वेक्षणात वाचनाची जी साधी तपासणी असते तीच वापरा: मुलाला अक्षरं ओळखता येतात का, शब्द वाचता येतात का, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा वाचता येतो का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते का. गणितात अंक ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. जूनमध्ये एकदा करा, डिसेंबरात एकदा, मार्चमध्ये एकदा, वहीत तारीख घालून. पाचवीतलं मूल उताऱ्यावर अडकलंय हे लिहिलेलं असलं की देणारा माणूस लगेच समजतो, आणि वर्षाच्या शेवटी तेच मूल गोष्ट वाचतंय हेही दाखवता येतं.

आता मागायचं काय. मी इथे जरा जोर देऊन सांगते, कारण हे सगळ्यात जास्त चुकतं. लोक वस्तू मागतात. दप्तरं, वह्या, छत्र्या, बूट. देणाऱ्यालाही ते आवडतं, वाटपाचा फोटो निघतो. पण मुंबईत महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट धरून २७ शालेय वस्तू पालिकेकडूनच मोफत मिळतात, त्या कधी उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, पण त्यासाठी आपलं अनुदान खर्च करायचं कारण नाही. शिवाय जून आला की मंडळं, शाखा, क्लब सगळे वह्यावाटप करतातच. ज्याला कुणी पैसे देत नाही ते म्हणजे ताईंचं मानधन आणि खोलीचं भाडं, आणि अभ्यासिका बंद पडते ती नेमकी याच दोन गोष्टींमुळे. ताई सोडून गेल्या की मुलं पांगतात, वह्या असून काही होत नाही. म्हणून मानधन मागा. अर्जात पहिल्या ओळीत मागा, "इतर खर्च" मध्ये दडवू नका.

बजेट कसं करायचं त्याचा एक नमुना देते, आकडे तुमच्या वस्तीप्रमाणे बदला. समजा ३० मुलं आहेत, रोज संध्याकाळी दोन तास, वर्षातले दहा महिने. ताईंचं मानधन महिना ६,००० म्हणजे ६०,०००. खोलीचं भाडं महिना ४,००० म्हणजे ४०,०००. खाऊ, चणे-गूळ, केळं, उकडलेलं अंडं असं काहीतरी, मुलामागे दिवसाला १० रुपये, २२० दिवस, म्हणजे ६६,०००. पुस्तकं, खडू, पाट्या, झेरॉक्स १२,०००. पंखा-ट्यूब-दुरुस्ती ५,०००. हिशोब तपासणी आणि कागदपत्रं ७,०००. एकूण झाले १,९०,०००, म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण ६,३३० रुपये. हा मुलामागचा आकडा अर्जात जरूर लिहा, देणारे तो मनातल्या मनात काढतातच.

आणि हे सगळे १,९०,००० एकाच ठिकाणी मागू नका. एका क्लबकडे ताईंचे ६०,०००, शेजारच्या सोसायटीकडे खाऊचे पैसे, एखाद्या ट्रस्टकडे भाडं, असं वाटून मागा, आणि प्रत्येक अर्जात स्पष्ट लिहा की बाकीचं कुठून येतंय. पालक महिना २०-३० रुपये देत असतील तर तेही दाखवा. एकट्यावर सगळा भार नाही हे बघून देणारा निर्धास्त होतो, आणि एकाने पुढच्या वर्षी हात काढून घेतला तरी अभ्यासिका एका रात्रीत बंद पडत नाही. हिशोब तपासणीचे ७,००० पण काढून टाकू नका, बरेच जण "प्रशासकीय खर्च शून्य" असं लिहून मोठेपणा मिळवायला बघतात आणि मग सीएची फी ताई स्वतःच्या खिशातून भरतात.

कागदपत्रांचं आता. इथे लोक घाबरतात. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर तीन रस्ते आहेत: ट्रस्ट, सोसायटी (म्हणजे सभासदांची नोंदणीकृत संस्था, घरांची सोसायटी नव्हे) किंवा कंपनी कायद्याखालची सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. महाराष्ट्रात वस्तीतले बहुतेक गट सोसायटी करतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, त्याला किमान सात सभासद लागतात, आणि त्याच बरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली ट्रस्ट म्हणूनही नोंद करावी लागते. दोन्हीसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, मुंबईकरांना वरळीला जावं लागतं. सात सभासद घेताना एकाच घरातले चार नका घेऊ, देणारे यादी वाचतात. वस्तीतल्या दोन आया घ्या, एक शाळेतले निवृत्त सर घ्या, हिशोब समजणारं कुणीतरी घ्या. नोंदणी झाल्यावर संस्थेचं पॅन, बँक खातं दोन सह्यांचं, आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव घालून तो नंबर. मग इन्कम टॅक्सची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला कर सवलत) नोंदणी, नवीन संस्थेला आधी तात्पुरती मिळते, ती पक्की कधी करायची ते सीएला पहिल्याच दिवशी विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

८०जी नसेल तर लोक पैसे देणार नाहीत ही भीती मात्र जरा कमी करा. कर सवलत जुन्या कर पद्धतीतच मिळते, नवीन पद्धत घेतलेल्या पगारदाराला ८०जी चा उपयोग नाही, आणि २,००० च्या वरची रोख देणगी दिली तर कुणालाच सवलत नाही. सोसायटीतले काका हजार-दोन हजार देतात ते तुमची मुलं बघून देतात. मोठ्या ट्रस्टला आणि कंपनीला मात्र १२ए-८०जी लागतंच लागतं. आणि ८०जी असेल तर नुसती पावती देऊन भागत नाही, वर्षअखेर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर देणग्यांची माहिती भरून तिथून निघणारं सर्टिफिकेट देणगीदाराला द्यायचं असतं, म्हणून पावती फाडतानाच पॅन नंबर मागून घ्या, नंतर मागायला लोकांच्या मागे फिरावं लागतं.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो, हे फार जण विसरतात. मग पाच वर्षांनी कुणीतरी चांगलं अनुदान द्यायला तयार होतं आणि कागदावर अजून जुने अध्यक्ष, जे कधीच बदलापूरला राहायला गेलेत. मोठी रक्कम देणारे हे तपासतात.

नोंदणी नाहीये आणि वर्षभर थांबायचंही नाही, तर ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करता येतं. पैसे त्यांच्या खात्यात येतात, तुमचं काम त्यांचा एक प्रकल्प म्हणून चालतं. पण आधी एका पानाचं लेखी पत्र करून घ्या: पैसे किती दिवसांत सोडणार, त्यांचा खर्च किती टक्के, बिलं कुणाकडे राहणार. आणि तो पैसा देशातलाच आहे ना हे विचारा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. नोंदणी नसताना लोकांकडून सरळ वर्गणी गोळा करायची तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपती मंडळं ४१सी ची परवानगी घेतात ना, तीच.

परदेशी पैशावरून आणखी एक. "माझा मामा अमेरिकेत आहे, तो दहा हजार पाठवतो म्हणतोय" हे प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच. मामाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. मामा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए नोंदणी नसेल तर घ्यायची नाही. दहा हजारांसाठी संस्था अडचणीत आणू नका. मामाच्या पासपोर्टची कॉपी मागून फाईलला लावा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मागायचं कुणाकडे, तर जवळून सुरू करा. अभ्यासिकेपासून चालत जाता येईल अशा सोसायट्या, मंडळं, मेडिकलवाले, क्लासवाले. गोवंडी-मानखुर्दमध्ये काम असेल तर चेंबूर आणि देवनार बाजूच्या सोसायट्या, तिथे घरकामाला जाणाऱ्या बायकांचीच मुलं तुमच्याकडे असतात, हे त्यांना सांगितलं की ओळख आपोआप होते. मोठी गणपती मंडळं स्वतः नोंदणीकृत असतात आणि वर्षभर शैक्षणिक मदत करतात, पण त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये जाऊ नका, कुणाला बोलायला वेळ नसतो. विसर्जनानंतर महिन्याभराने, हिशोब मिटले की जा.

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवीन अध्यक्ष तेव्हा बसतात. म्हणजे नवीन अध्यक्षांना एप्रिल-मे मध्ये भेटायचं, ते तेव्हा वर्षाचं ठरवत असतात. जुलैत गेलात तर सगळं ठरलेलं असतं. रोटरीची ग्लोबल ग्रँट तुमच्यासाठी नाही, तिचं किमान बजेटच ३०,००० डॉलरचं असतं, तुम्हाला क्लबच्या स्वतःच्या पैशातली किंवा डिस्ट्रिक्ट ग्रँटची रक्कम हवी. दादर, पार्ले, ठाण्याच्या क्लबांत मराठीत बोललं तर चालतं, किंबहुना बरं वाटतं त्यांना.

फोर्ट, मरीन लाइन्स, बॅलार्ड इस्टेट भागात जुने कौटुंबिक ट्रस्ट आहेत, पारशी, गुजराती, मारवाडी घराण्यांचे. त्यातल्या बऱ्याच जणांची वेबसाइट नाही, साध्या पत्रावर काम चालतं, शिक्षण आणि औषधोपचार हे त्यांचे नेहमीचे विषय. पत्र पोस्टाने पाठवा, आठवड्याने फोन करा, आणि ऑफिसातल्या क्लार्कशी नीट बोला, विश्वस्तांच्या मीटिंगला कुठली पत्रं जाणार हे त्यांना माहीत असतं आणि मीटिंग कधी आहे तेही तेच सांगतात.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात. ऐकायला छान वाटतं. पण पैसे घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, १२ए-८०जी लागतं, आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे नवीन गटाने सीएसआरच्या मागे पहिली दोन वर्षं घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा कंपनीतली माणसं गाठा, २ ते ८ ऑक्टोबरला दान उत्सव असतो, तेव्हा ऑफिसांमध्ये कर्मचारी स्वतः काहीतरी करायला शोधत असतात, त्यांना शनिवारी वर्गात बोलवा. आणि तीन वर्षं पूर्ण झाली की हीच माणसं तुमचा अर्ज आत पोचवतात.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधूनही संस्थांना निधी उभा करता येतो, पण तिथे नोंदणीची अट आणि मुदत दोन्ही असतात, दिवाळीच्या बरंच आधी चौकशी करा. ऑनलाइन क्राउडफंडिंग चालतं, पण साइट किती टक्के कापते ते वाचा, आणि मुलाचा रडका फोटो लावल्याशिवाय पैसे येत नाहीत असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता अर्ज. एक पान, फार तर दोन. मी वाचलेल्या अर्जांपैकी बरेच असे सुरू होतात: "समाजातील वंचित व दुर्लक्षित घटकांतील बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची संस्था सातत्याने कटिबद्ध आहे." हे वाक्य कुठल्याही संस्थेला चालतं, म्हणून ते तुमचं नाही. असं लिहून बघा: "मानखुर्दच्या आमच्या वस्तीत तिसरी ते सातवीची ३० मुलं रोज संध्याकाळी अभ्यासिकेत येतात. जूनमध्ये तपासलं तेव्हा त्यातल्या १७ मुलांना पहिलीचा उतारा वाचता येत नव्हता. मार्चपर्यंत त्यातल्या किमान १२ मुलांना दुसरीची गोष्ट वाचता यावी एवढं आम्हाला करायचं आहे. त्यासाठी ताईंचं दहा महिन्यांचं मानधन, ६०,००० रुपये, आपल्याकडे मागत आहोत." चार वाक्यांत झालं सगळं. १७ पैकी १७ लिहू नका, कुणी विश्वास ठेवत नाही, आणि काही मुलं मध्येच वस्ती बदलतात, नाका कामगारांची घरं तर वर्षात दोनदा हलतात. तेही लिहा, लपवायचं काही नाही.

यापुढे फक्त एवढंच हवं: ताई कोण, किती वर्षं शिकवतायत, मुलं कुठल्या शाळेत जातात, बाकीचा खर्च कुठून, बँकेची माहिती, बोलायला एक नाव आणि नंबर जो दिवसा उचलला जाईल. मंडळाला मराठीत, कंपनीला इंग्रजीत. इंग्रजी अडत असेल तर देवनारच्या टिसमधले (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा चर्चगेटच्या निर्मला निकेतनमधले समाजकार्याचे विद्यार्थी फील्डवर्कला येतात, त्यांच्या कॉलेजला पत्र देऊन विचारा. पण लिहिलेलं त्यांच्याकडून मराठीत वाचून घ्या, तुमच्या नावावर काय वचन दिलंय ते तुम्हाला माहीत असायला हवं.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एक वेगळा कागद करा, देणारे हल्ली मागतात, आणि कुणी मागितला नसता तरी करायलाच हवा होता. मूल आणि एकटी मोठी व्यक्ती बंद खोलीत नाही, शिकवणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस व्हेरिफिकेशन, बाहेरचा पाहुणा एकटा मुलांसोबत नाही, काही घडलं तर कुणाला सांगायचं त्या व्यक्तीचं नाव. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आपापसात मिटवू" हा पर्यायच नाही, हे सगळ्या ताईंना समजावून सांगा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांच्या उंचीवर मोठ्या अक्षरात लावा. (ही हेल्पलाइन 'चाइल्डलाइन' या नावाने १९९६ मध्ये मुंबईतच, टिसच्या प्रकल्पातून सुरू झाली.)

फोटोंचंही इथेच सांगते. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय चेहरा नाही. कामाठीपुऱ्यासारख्या ठिकाणची मुलं, एचआयव्ही असलेल्या घरातली मुलं, केस चालू असलेली मुलं यांचे चेहरे आणि नावं परवानगी असली तरी नाहीत. पाठमोरा फोटो, वहीवर लिहिणारा हात, फळ्यावरची चित्रं, एवढं पुरतं. उद्या ही मुलं मोठी होतील, नोकरीला लागतील, आणि "गरीब मूल" म्हणून त्यांचा फोटो कुठेतरी फिरत असेल, ही जबाबदारी आपली असते.

देणारे बघायला येतील तेव्हा रोजचा वर्ग चालू ठेवा. स्वागतगीत नको, हार नको, मुलांना उन्हात रांगेत उभं करणं तर नकोच नको. एका पाहुण्या बाईंना एका मुलीने हजेरीपुस्तक दाखवून "हा 'पा' म्हणजे मी, पण आता मी येते" असं सांगितलं होतं, त्यानंतर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही, निघताना फक्त बँकेची माहिती पाठवा म्हणाल्या. पाहुण्यांसाठी चहा ठेवा आणि बजेटचा कागद, कच्च्या वहीसकट.

पैसे आले की त्याच दिवशी एक वेगळी फाईल उघडा, एका अनुदानाची एक फाईल. मंजुरीचं पत्र सगळ्यात वर. मानधन बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको. रोख द्यावंच लागलं आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही. वस्तीतला किराणावाला कच्चं बिल देतो, त्याला संस्थेच्या नावाने, तारखेसकट, दुकानाच्या शिक्क्यासकट द्यायला सांगा, नसेल तर तुमच्या व्हाउचरवर त्याची सही आणि फोन. रोजच्या खाऊची वही खाऊ देणारीनेच लिहायची, आज किती मुलं, काय दिलं. मोठी वस्तू घ्यायची असेल तर तीन दुकानांचे दर. बिलं थर्मल कागदावरची असतील तर लगेच झेरॉक्स, सहा महिन्यांत अक्षरं उडतात आणि ऑडिटच्या वेळी पांढरा कागद उरतो.

खर्च बदलायची वेळ येतेच. पावसात खोलीत पाणी शिरलं, पुस्तकं गेली, मालकाने भाडं वाढवलं. खर्च करण्याआधी देणाऱ्याला दोन ओळींची मेल करा, कारण लिहा, उत्तर येऊ दे, त्याची प्रिंट फाईलला. आधी विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. न विचारता केलं तर पैसे योग्य ठिकाणी गेले असले तरी संशय राहतो, आणि तो पुढच्या वर्षी भोवतो.

रिपोर्ट दोन पानांचा. सरासरी हजेरी, जून आणि मार्चची वाचन तपासणी शेजारी शेजारी, किती मुलं सोडून गेली आणि का, काय जमलं नाही, पैशाचा तक्ता आणि मागितलं असेल तर सीएचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. जमलं नाही तो भाग गाळू नका. सातवीतली दोन मुलं कामाला लागली हे लिहिलंत तर वाचणारा माणूस विचार करतो की पुढच्या वर्षी यावर काय करता येईल, आणि कधी कधी स्वतःहून विचारतो. पैसे उरले तर किती उरले ते लिहा आणि परत करू की पुढच्या महिन्याच्या भाड्याला वापरू ते विचारा.

नकार आला तर एकच गोष्ट विचारा: पुढच्या वर्षी परत अर्ज केला तर चालेल का, आणि कुठल्या महिन्यात. नकार बऱ्याचदा कामाला नसतो, पैसे संपलेले असतात किंवा मीटिंग होऊन गेलेली असते. उत्तर आलं की तारीख लिहून ठेवा आणि मधल्या काळात त्यांना मुलांच्या तपासणीचे आकडे पाठवत राहा, काही न मागता.

शेवटचं, दर वर्षी एप्रिल ते जुलै पैशाचा खड्डा पडतो, जुनं अनुदान मार्चला संपतं आणि नवीन यायला पावसाळा उजाडतो. मे मध्ये मुलं गावी असतात म्हणून तेवढं चालून जातं, पण जूनमध्ये ताई हव्या असतात. म्हणून पहिल्या वर्षापासून पालकांच्या वर्गणीचे आणि सोसायटीच्या किरकोळ देणग्यांचे पैसे हात न लावता बाजूला ठेवा, दोन महिन्यांचं मानधन आणि भाडं निघेल एवढं, म्हणजे आपल्या नमुन्यात २०,०००. आणि जानेवारीतच ताईंना बसवून सांगा की आत्ता हातात अमुक महिन्यापर्यंतचं मानधन आहे, पुढचे अर्ज इथे इथे गेलेत, उत्तर या तारखेपर्यंत येईल.